वाद, वादी आणि वादग्रस्त

मनुष्य विशेषणांच्या साहाय्याने जितका न्याय करतो तितकाच, किंबहुना त्याहून काकणभर अधिक, अन्याय करतो. नामाने वस्तूची ओळख पटते, क्रियापदाने घडलेली गोष्ट कळते. विशेषण मात्र वस्तू दाखविता दाखविताच तिजविषयीचा निकालही सांगून मोकळे होते, आणि ऐकणारास वाटते की आपणांस केवळ वर्णन ऐकविण्यात आले. अशा विशेषणांपैकी एका इंग्रजी विशेषणाचा, आणि त्याच्या निमित्ताने एका नैतिक प्रश्नाचा, विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. ते विशेषण म्हणजे ‘कंटेन्शस’. ‘मतभेद किंवा तंटा उत्पन्न करणारा’ असा त्याचा अर्थ कोशांत सापडतो, आणि वरवर पाहता तो अगदी निरुपद्रवी दिसतो. परंतु मतभेद उत्पन्न करणे हा दोष आहे काय, आणि असल्यास तो नेमका कोणाचा, हा प्रश्न त्या अर्थाच्या पोटात दडलेला आहे. तो बाहेर काढून पाहिल्यावाचून ह्या शब्दाचा उपयोग करणे धोक्याचे आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. ‘कंटेन्शन’ हे नाम लॅटिन भाषेतील ‘कोन्तेन्देरे’ ह्या क्रियापदापासून आले आहे. त्यातील ‘कोन्’ म्हणजे सह, आणि ‘तेन्देरे’ म्हणजे ताणणे. हा ‘तेन्देरे’ आणि आपल्याकडील ‘तन्’ हा संस्कृत धातू एकाच मुळाच्या शाखा आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. तंतू हा शब्द ह्याच ‘तन्’ पासून झाला. तेव्हा मूळ कल्पना जोर लावून ताणण्याची. त्या कल्पनेत श्रम आहे, चुरस आहे. पण कोणाही एकाचा अपराध गृहीत धरलेला नाही. दोरी ताणली जाण्यास दोन टोके आणि दोन ओढणारे लागतात. एकाने ताणली असे म्हणणे हे अर्धेच वर्णन होय.

इंग्रजीतील रूढ प्रयोग मात्र असा तटस्थ राहिलेला नाही. तेथे हा शब्द दोन निरनिराळ्या ठिकाणी लावतात. मनुष्यास लावला म्हणजे त्याचा अर्थ ‘तंटा करण्याची ज्यास आवड आहे असा’. १६११ साली सिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात नीतिसूत्रांच्या प्रकरणात भांडखोर स्त्रीस हेच विशेषण दिलेले आहे. एखाद्या प्रश्नास लावला म्हणजे त्याचा अर्थ ‘ज्याविषयी लोकांत तीव्र मतभेद होतात किंवा होण्याचा संभव आहे असा’. पहिल्या ठिकाणी तो स्वभावाचा दोष सांगतो. दुसऱ्या ठिकाणी केवळ परिस्थिती. त्याच्या शेजारचे दोन शब्दही लक्षात घेण्यासारखे आहेत. ‘कॉन्ट्रोव्हर्शल’ म्हणजे मुळात विरुद्ध दिशेस वळलेले. ज्याविषयी जाहीर वाद माजून राहिला आहे, एवढेच तो प्रायः सांगतो. ‘डिव्हायसिव्ह’ हा सर्वांत जड. तो समाजाची शकले पडली असे सांगून त्याचे खापर सरळ त्या वस्तूच्या माथ्यावर फोडतो.

आपल्या भाषेने ह्या बाबतीत पूर्वी अधिक विवेक दाखविला आहे. मनुष्यासाठी आपल्याकडे भांडखोर, तंटेखोर, कज्जेदलाल, भांडकुदळ असे शब्दांचे भांडारच आहे. प्रश्नासाठी मात्र विवाद्य आणि वादग्रस्त असे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांतही सूक्ष्म भेद आहे. ‘विवाद्य’ म्हणजे ज्याविषयी विवाद होऊ शकतो, किंवा व्हावयास हवा. ‘वादग्रस्त’ ह्यातील ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. रोगग्रस्त, ऋणग्रस्त, संकटग्रस्त ह्या शब्दांकडे पाहावे. ग्रस्त झालेला हा अपराधी नसून पीडित असतो. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो, तो काही राहूने केलेल्या कृत्याचा भागीदार नव्हे. परंतु आता वृत्तपत्रांत ‘वादग्रस्त लेखक’, ‘वादग्रस्त अधिकारी’, ‘वादग्रस्त विधान’ असे प्रयोग नित्य आढळतात, आणि वाचणाराच्या मनात त्या लेखकाविषयी करुणा नव्हे तर संशय उत्पन्न होतो. ज्यास वादाने गिळले तोच वाद पेटविणारा ठरतो. इंग्रजी शब्दातील दुहेरीपणा अशा रीतीने आपल्याही शब्दात उतरला आहे.

ह्या दुहेरीपणाचा परिणाम असा होतो की, प्रश्नाचा ताप माणसास चिकटतो आणि माणसाचा दोष प्रश्नास चिकटतो. जो मनुष्य एखाद्या विवाद्य प्रश्नास तोंड फोडतो तो स्वभावतःच तंटेखोर असला पाहिजे असे आपण समजतो. आणि तो तंटेखोर ठरला म्हणजे त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे आपणांस कारण उरत नाही.

कायद्याच्या भाषेने हा घोटाळा टाळला आहे, हे मोठे बोधप्रद आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात मृत्युपत्राच्या प्रोबेटविषयी जी कलमे आहेत, त्यांतील २८६ व्या कलमात ‘कंटेन्शन’ ह्या शब्दाचा अर्थ स्पष्ट करून सांगितला आहे. तो एवढाच की, त्या कामास विरोध करण्यासाठी कोणीतरी स्वतः, मुखत्यारामार्फत किंवा वकिलामार्फत हजर होणे. विरोध करणारा खरा की खोटा, लोभी की न्यायी, ह्याविषयी तेथे चकार शब्द नाही. कोणी तरी उभा राहिला आणि ‘मला हे मान्य नाही’ असे म्हणाला, की काम विवादाचे झाले. आता दोन्ही बाजू ऐकून निकाल द्यावयाचा. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हे विशेषण सुनावणीचा आरंभ दाखविते. व्यवहारात आपण त्याच विशेषणाने सुनावणी संपवून टाकतो.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी तर ह्याहून पुढचे पाऊल टाकलेले होते. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्वाचा निर्णय व्हावा ह्या हेतूने प्रमाणे आणि तर्क ह्यांच्या आधारे दोन पक्ष मांडणे, तो वाद. केवळ जय मिळावा म्हणून छलादी साधनांचाही आश्रय करणे, तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष मुळीच न मांडता दुसऱ्याचे खंडन तेवढे करीत सुटणे, ती वितंडा. ह्या वर्गीकरणात वाद हा दोष नसून सत्याकडे जाण्याचा मार्ग आहे; तो गुरू, शिष्य, सहाध्यायी आणि असूया नसलेले श्रेयार्थी ह्यांच्याशी करावा, असेही त्या सूत्रांत सांगितले आहे. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात ज्या विभूती गणल्या आहेत त्यांत वादाचीही गणना आहे. ज्या शब्दास एवढा मान होता तो आज ‘त्यांच्यात काहीतरी वाद आहे’ ह्या वाक्यातील वैमनस्याच्या पायरीपर्यंत घसरला. एवढे मात्र बरे झाले की वितंडा हिला आपण अद्याप वितंडवाद असे नाव देऊन ओळखतो.

येथे एक आक्षेप येणार आहे, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, ‘शास्त्रातील वाद वेगळा आणि संसारातील तंटा वेगळा. शांतता ही देखील एक संपत्ती आहे. कुटुंब असो की गाव असो, ते अनेक न बोललेल्या गोष्टींवर उभे असते. प्रत्येक गोष्ट वादास घातली तर माणसे एकत्र नांदणार कशी? आणि तंट्याचा भार तंटा करणारापेक्षा दुबळ्यांवरच अधिक पडतो.’ ह्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. प्रत्येक मतभेद बोलून दाखविण्याच्या योग्यतेचा नसतो; आणि ज्यास भांडणातच सुख वाटते अशी माणसे जगात आहेत, हे कोणीही अनुभवी गृहस्थ नाकारणार नाही. परंतु ह्या आक्षेपाने एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती ही की, वादापूर्वी जी होती ती शांतताच होती. हे गृहीतक प्रत्येक वेळी खरे असते काय, हे एका उदाहरणावरून पाहू.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलाने सी. के. बोले ह्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावे, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून १९२४ च्या आरंभी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. ह्यानंतर तीन वर्षे महाडात ह्या तळ्यावरून तंटा झाला नाही. का झाला नाही? कारण ठराव कागदावर होता आणि तळ्याचे पाणी जेथल्या तेथे होते. ज्यांच्यासाठी ठराव झाला ते त्या पाण्याला शिवत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासमवेत परिषदेस आलेला जनसमुदाय तळ्यावर गेला आणि ते पाणी प्याला. त्याच दिवशी मंदिरप्रवेशाची खोटी आवई उठून परिषदेच्या लोकांस मारहाण झाली, पुढे तळ्याची पंचगव्याने शुद्धी करण्यात आली, आणि नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये तळे खाजगी असल्याचा दावा करून दिवाणी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळविण्यात आला. त्या हुकुमाचा मान राखून डॉ. आंबेडकरांनी डिसेंबरातील परिषदेत पुन्हा पाणी भरण्याचा बेत तहकूब केला. दावा दहा वर्षांच्या आसपास चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अस्पृश्यांस वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही.

ह्या हकीकतीत तंटा कोणी उत्पन्न केला? वरवर पाहणारा म्हणेल, जे पाणी प्याले त्यांनी. १९ मार्चपर्यंत गाव शांत होते, २० मार्चला दंगा झाला, हे तारखांनिशी दाखविता येते. परंतु नगरपालिकेच्या ठरावाप्रमाणे जो हक्क आधीच मान्य झालेला होता तो बजावणे, ह्यापलीकडे त्यांनी काय केले? ज्यास शांतता म्हटले ती एका पक्षाच्या तहानेवर उभी होती. मतभेद २० मार्चला जन्मला नाही. तो शतकानुशतके होताच, त्या दिवशी त्यास पहिल्यांदा दोन बाजू मिळाल्या. तोवर ओढणारा एकच होता आणि दुसरे टोक खुंटीस बांधलेले होते. म्हणून दोरी ताणलेली असूनही ती ताणलेली आहे हे कोणाच्या डोळ्यांस दिसत नव्हते.

हाच मुद्दा पुढे १९६३ साली अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहराच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी मांडला. तेथील आठ गोऱ्या धर्मोपदेशकांनी, कृष्णवर्णीयांची निदर्शने अवेळी आणि अविचाराची आहेत अशा आशयाचे पत्रक काढले होते. किंग ह्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा की, ताण आम्ही निर्माण केलेला नाही. जो आधीपासून आत दडलेला होता तो आम्ही वर आणला. गळू झाकून ठेवले तर बरे होत नाही. ते फोडून हवा आणि प्रकाश लागू द्यावा लागतो. गळू फोडणाऱ्या वैद्याने पू निर्माण केला, असे कोणी म्हणत नाही.

तथापि एवढ्यावर थांबलो तर आम्हीच एकांगीपणाचे धनी होऊ. वाद उत्पन्न करणारे सारेच वैद्य नसतात; निरोगी शरीरावर सुरी चालविणारेही असतात. १९५० साली इंग्लंडात डॉल आणि हिल ह्यांनी, व अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम ह्यांनी, धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध दाखविणारे अभ्यास प्रसिद्ध केले. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी शेकडो वृत्तपत्रांतून एक निवेदन छापून ह्या निष्कर्षांविषयी शंका उपस्थित केली, आणि पुढे कित्येक वर्षे तो प्रश्न अद्याप विवाद्य आहे असा देखावा चालू ठेवला. १९६९ सालच्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर शंका हाच आपला माल असल्याची कबुली आहे. २००६ साली अमेरिकेतील संघराज्याच्या न्यायालयाने ह्या कंपन्यांनी जनतेची दीर्घकाळ फसवणूक केली असा निर्णय दिला. येथे मतभेद नव्हता, तो विकत घेऊन उभा केला होता. सत्य ‘वादग्रस्त’ आहे असे म्हणणे हेच येथे असत्याचे शस्त्र झाले. न्यायसूत्रांच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही शुद्ध वितंडा. स्वतःचा पक्ष सिद्ध करावयाचा नाही, समोरच्याचा सिद्ध होऊ द्यावयाचा नाही, एवढाच खटाटोप.

तेव्हा मतभेद उत्पन्न होणे हे स्वतः चांगलेही नाही आणि वाईटही नाही. त्याची पारख करण्यास आमच्या मते तीन प्रश्न पुरे आहेत. पहिला: हा मतभेद बोलण्यापूर्वीही होता काय? होता, तर बोलणाराने तो उघड केला. नव्हता, तर त्याने तो रचला. दुसरा: वाद घालणारा स्वतःचा पक्ष उघड मांडतो काय, आणि पुरावा विरुद्ध गेल्यास हरण्यास तयार आहे काय? महाडचे प्रतिवादी मनाई हुकूम मानून थांबले आणि दहा वर्षे न्यायाची वाट पाहत राहिले. सिगारेटवाल्यांस निकाल लागणेच नको होते. तिसरा: वादाची किंमत कोण मोजतो? जो स्वतः मार खाऊन प्रश्न विचारतो आणि जो दुसऱ्यांचे प्राण धोक्यात घालून आपला नफा राखतो, त्या दोघांस एकच विशेषण लावणे हा भाषेचा अपमान आहे. ह्यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर ‘ह्या माणसामुळे तंटा झाला’ एवढ्या वाक्यातून मिळत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

हे सर्व दूरच्या इतिहासाचे विषय आहेत असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. आपल्या सुशिक्षित घरांतच ह्या विशेषणाची खरी परीक्षा होते. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून आणि केंद्राने २००५ साली हिंदू उत्तराधिकार अधिनियमात दुरुस्ती करून मुलीस वडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने, वडील २००५ च्या दुरुस्तीवेळी हयात असोत वा नसोत, हा हक्क आहे असे स्पष्ट केले. तरीही वडील वारल्यावर घरात जो पहिला कागद पुष्कळदा तयार होतो तो बहिणींच्या हक्कसोडपत्राचा. बहिणीने निमूटपणे सही केली तर ती समजूतदार, घर एकत्र ठेवणारी. ‘माझा वाटा किती?’ एवढे विचारले तर ती भांडखोर, भावाच्या मुळावर उठलेली, माहेर तोडून टाकणारी. प्रश्न तिने कायद्याने दिलेल्या हक्काविषयी विचारलेला असतो. उत्तर तिच्या स्वभावाविषयी मिळते. ‘कंटेन्शस’ हे विशेषण स्त्रीस लावण्याची हौस १६११ सालच्या भाषांतरकारांबरोबर संपली नाही.

आमचे म्हणणे असे नव्हे की प्रत्येक बहिणीने वाटा घेतलाच पाहिजे. भावाने आईवडिलांची सेवा केली असेल, घराचे कर्ज फेडले असेल, बहीण सुस्थितीत असेल. अशा वेळी ती संतोषाने हक्क सोडील तर ते तिचे औदार्य होय. परंतु औदार्य म्हणावयाचे तर नाही म्हणण्याचीही मोकळीक हवी. नाही म्हटल्यास भाऊबीज बंद होईल ह्या भयाने केलेली सही हे दान नव्हे, तो दंड आहे. आणि त्यातून जी शांतता लाभते ती तळ्याकाठच्या त्या तीन वर्षांच्या शांततेच्या जातीची आहे. ज्या घरात हा प्रश्न मोकळेपणाने विचारता येतो, हिशेब पुढे ठेवता येतो, आणि भाऊही आपली बाजू तितक्याच मोकळेपणाने सांगू शकतो, तेथे पुष्कळदा तंटा होतच नाही. कारण तेथे शास्त्रकारांना अभिप्रेत असलेला वाद होऊन गेलेला असतो.

आपल्या संगीतशास्त्रात स्वरांचे वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी असे प्रकार मानले आहेत. विवादी स्वर म्हणजे रागाशी न जुळणारा; तो नियमाने वर्ज्य. पण जाणते गवई कधी कधी तो हलक्या हाताने लावतात आणि रागास शोभा येते. बिहागात तीव्र मध्यम पूर्वी असाच विवादी म्हणून अल्प घेत असत. आज त्याच्यावाचून बिहाग पुरा वाटत नाही. प्रत्येक बेसूर स्वर असा रागात सामावतो असे नाही; पुष्कळसे बेसूर ते बेसूरच. पण कोणता स्वर कोणत्या जातीचा हे ठरविण्यास तो आधी ऐकावा लागतो.

घरात, सभेत किंवा वृत्तपत्रात कोणास ‘वादग्रस्त’ अथवा ‘कंटेन्शस’ म्हटलेले ऐकले म्हणजे वाचकांनी क्षणभर थांबून विचारावे: ह्याने विचारलेला प्रश्न कोणता, आणि त्याचे उत्तर कोणी दिले काय? उत्तर दिले गेले असेल तर त्या विशेषणाचा विचार मागाहून करता येईल. दिले गेले नसेल, तर ते विशेषण उत्तराच्या जागी बसविलेले आहे, असे खुशाल समजावे.